सिंधीपुऱ्याचा सा

"कोमल निषाद," प्रभाकरराव म्हणाले.

मालतीबाईंनी कुकरखालचा गॅस बंद केला आणि वळून पाहिलं. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताचं बोट कुकरकडे.

"काय?"

"कुकरची शिट्टी. कोमल निषादावर लागलीय. काल धैवतावर होती. रबर बदलायला हवं."

"रबर मागच्याच महिन्यात बदललंय. आणि तुम्हाला हो कधीपासून निषाद कळायला लागला?"

या प्रश्नाची प्रभाकरराव आठ दिवसांपासून वाट पाहत होते. त्यांनी मोबाइल बायकोच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर एक सोनेरी मुकुट होता. त्याखाली लिहिलं होतं, 'स्वरसम्राट'. त्याखाली, 'बुऱ्हाणपूर : क्रमांक १'. त्याच्याही खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, पण तिच्यावर त्यांचा अंगठा होता. ती ओळ अशी होती : 'बुऱ्हाणपुरातील एकूण खेळाडू : १'.

ही सगळी करणी त्यांच्या मुलाची, श्रीकांतची. तो इंदूरला नोकरीला. दर रविवारी दुपारी न चुकता फोन करणारा गुणी मुलगा. वडील कचेरीतून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून घरातल्या डब्यांना नंबर घालत बसतात, असं आईकडून कळल्यावर त्याने त्यांना एका वेबसाइटची लिंक पाठवली. कानाने सूर ओळखायचे खेळ आणि संगीतशास्त्राच्या प्रश्नमंजूषा. बाबांचा वेळ जाईल, एवढाच त्याचा विचार होता.

खेळ सोपा होता. सुरुवातीला एकदाच आपला सा निवडायचा. पडद्यावरचा ठिपका बोटाने सरकवायचा, सूर वर-खाली होतो, आणि जिथे आपल्याला बरं वाटेल तिथे थांबायचं. प्रभाकररावांनी ठिपका सरकवला. एका जागी त्यांना फारच बरं वाटलं, बाहेरून येऊन घरातल्या जुन्या चपला घातल्यावर वाटतं तसं. ते तिथे थांबले. मग मोबाइल एकेक सूर वाजवायचा आणि बारा बटणांतलं बरोबर बटण दाबायचं. सा पुन्हा ऐकू येणार नाही, तो मनात धरायचा.

मागच्या खोलीत, भिंतीला टेकून, खाटेवर पाय पसरून प्रभाकररावांनी दोन दिवसांत पहिली इयत्ता काढली. सहा दिवसांत सगळ्या. सलग चार वेळा वीसपैकी वीस. शास्त्राच्या प्रश्नमंजूषा तर त्यांना खात्यांतर्गत परीक्षेसारख्याच वाटल्या. वादी म्हणजे साहेब आणि संवादी म्हणजे बडे बाबू, हे एकदा ध्यानात आल्यावर संगीतशास्त्रात अवघड असं काही उरलंच नाही.

फक्त शुक्रवारी मोबाइल कपाटात. सिंधीपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून भाईदासचा कारखाना होता, सोळा पॉवरलूमचा. शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून सगळ्या गल्लीला सुट्टी. त्या दिवशी गल्लीत गाद्या उन्हात पडतात, पापड लाटले जातात, आणि कुणी कामाचं बोललं तर लोक चमत्कारिक नजरेने बघतात. तेव्हा प्रभाकररावांच्या सरावालाही शुक्रवारी सुट्टी. शिस्त म्हणजे शिस्त.

या भाईदासविरुद्ध त्यांनी आजवर नऊ तक्रार-अर्ज केले होते. खरं म्हणजे तक्रार हादऱ्यांची होती. भिंतीवरच्या फळीवरची भांडी दिवसभरात बोटभर पुढे सरकायची, ती रोज सकाळी मागे ढकलावी लागायची. आवाजाचं म्हणाल तर तो ऐकू येणं घरातल्यांना कधीच बंद झालं होतं. पण 'असह्य ध्वनी' असं लिहिल्याशिवाय अर्जाला वजन येत नाही, हे बडे बाबूंना ठाऊक होतं. म्हणून नऊही अर्जांत 'असह्य ध्वनी' होता, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

"मालती," प्रभाकरराव मोबाइल खिशात ठेवत म्हणाले, "रविवारी नेपानगरच्या भजनस्पर्धेत मला एक चरण पाहिजे."

"कशाचा चरण?"

"अभंगाचा. एकट्याचा."

मालतीबाईंच्या हातातली पळी खाली आली.

इथे चौतीस वर्षं मागे जायला हवं. लग्नानंतर जावई पहिल्यांदा सासरी जैनाबादला गेले होते. केळीच्या बागेत जेवणं झाली आणि सगळ्यांनी आग्रह केला म्हणून जावयांनी गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्याला मेहुण्यांना पाण्याची पाळी आठवली. तिसऱ्याला सासऱ्यांनी चहा मागवला. परतताना नव्या नवरीने नवऱ्याशी पहिलं स्पष्ट वाक्य उच्चारलं : "तुम्ही यापुढं गाण्यात नुसते ओठ हलवत जा."

तेव्हापासून प्रभाकरराव ओठ हलवत होते. आरतीला, झेंडावंदनाला, श्रीकांतच्या लग्नात मंगलाष्टकांना. त्यांनी कधी वाद घातला नाही. पण ते वाक्य त्यांना लागलं होतं, आणि चौतीस वर्षं लागून राहिलं होतं. माणसाला गाता येत नाही हे दुःख सोसतं. त्याला गावंसं वाटतं आणि घरचंच माणूस ऐकत नाही, हे सोसत नाही.

मालतीबाई मात्र लग्नानंतर याच घरात गायला शिकल्या आणि पुढे भजनी मंडळाच्या प्रमुख झाल्या. अकरा बायका, एक ढोलकी, एक झांज. पेटी नाही. मालतीबाई सुरुवात करायच्या आणि बाकीच्या त्यांना धरून चालायच्या. "माझ्या गळ्यातच पेटी आहे," असं त्या म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. बावीस वर्षांत त्या रोज त्याच एका सुरावर सुरू व्हायच्या, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. बुऱ्हाणपुरातल्या स्पर्धांच्या, एक सोडून, सगळ्या ढाली त्यांच्याच फळीवर होत्या आणि भांड्यांबरोबर रोज बोटभर पुढे यायच्या.

बाहेरगावी मात्र काय व्हायचं कुणास ठाऊक. नेपानगरला मंडळ पाच वेळा गेलं आणि पाचही वेळा नुसत्या नारळावर परतलं. तिथे पहिलं भजन बरं व्हायचं, दुसऱ्याला पट्टी चढायची, आणि तिसऱ्याला ती इतकी वर जायची, की अर्ध्या बायकांचे नुसते डोळेच गायचे. एकदा माइकवर ढकललं, एकदा पंख्यावर, तीनदा परीक्षकांवर. या सगळ्या दौऱ्यांत प्रभाकररावांचं काम ठरलेलं : सतरंजी गुंडाळणं आणि चपलांकडे लक्ष ठेवणं.

"मंडळात विचारावं लागेल," मालतीबाई म्हणाल्या. नाही म्हणायची ही त्यांची पद्धत होती.

प्रभाकरराव विचारण्याची वाट पाहत बसले नाहीत. सोमवारी सराव सुरू झाला तेव्हा ते खुर्ची घेऊन हजर होते. खिशाला लाल पेन. पहिल्या ओळीलाच त्यांनी हात वर केला.

"थांबा. कुसुमताई, तुमचा गंधार पाव इंच खाली आहे."

कुसुमताई मंडळात दुसऱ्या नंबरच्या आणि तोंडाच्या बाबतीत पहिल्या नंबरच्या.

"पाव इंच?" त्या म्हणाल्या. "पट्टी लावून मोजला काय भाऊजी?"

"अंदाजे." प्रभाकररावांनी त्यांच्या वहीत लाल खूण केली. "सुधारून दाखवा."

मंडळातल्या सगळ्यांत जुन्या धुरपदाबाई झांज घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काळजीने विचारलं, "भाऊ, मंग माह्या झांजीचा सूर तं बरोबर हाय ना?"

"झांजेला सूर नसतो, आजी."

"मंग मघापासून माह्याकडेच काहून पाहू राह्यले?"

मंगळवारी प्रभाकररावांनी दारावरची घंटी बदलली, कारण जुनी 'धड ना मध्यम, धड ना पंचम' होती. त्या दिवशी दुपारी त्यांनी भाजीवाल्याला अडवून सांगितलं, की त्याची हाक उत्तम आहे, फक्त 'मेथी'वर त्याने रिषभ थोडा उचलावा. भाजीवाल्याने मेथीचा भाव उचलला. बुधवारी मात्र त्यांनी हद्द केली. नेपानगरच्या संयोजकांना फोन लावला आणि अर्जात रिकामी राहिलेली 'मार्गदर्शक' ही जागा भरून टाकली. अर्जातली कुठलीही जागा रिकामी सोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

संध्याकाळी कार्यक्रमपत्रिका सगळ्यांच्या मोबाइलवर आली. सिंधीपुऱ्याच्या मंडळापुढे छापलं होतं : 'मार्गदर्शक : स्वरसम्राट प्रभाकरराव'. आणि त्याखाली, अंमळ बारीक ठशात, 'सहभाग : सौ. मालती व इतर महिला'.

अर्ध्या तासात इतर महिला घरात होत्या.

"मी इतर?" कुसुमताई दारातूनच कडाडल्या. "अठरा साल गाते मी या मंडळात! मालतीताई, आता फैसला करून टाका. एक तर भाऊजी राहतील, नाही तर मी."

"कुसुमताई, रागावर काम चालत नाही," प्रभाकरराव शांतपणे म्हणाले. "माझी परीक्षा घ्या. तुम्ही सगळ्या समोर बसा. वीस सूर वाजतील. मी ओळखतो."

"चालेल! पण शुक्रवारी घ्यायची. लूम बंद राहतात, एकदम शांतता. मागून म्हणाल, खटखटीत ऐकू नाही आलं. बहाना नको."

"फारच उत्तम," स्वरसम्राट म्हणाले. "कलाकाराला शांतता पोषकच असते."

पत्रिका मालतीबाईंनाही झोंबली होती, पण हा माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मागतोय, हेही त्यांना दिसत होतं. त्या म्हणाल्या, "वीसपैकी अठरा. आले तर चरण तुमचा, एकट्याचा. नाही आले तर चरण नाही, मार्गदर्शक नाही, आणि न्हाणीघरातलंही बंद."

प्रभाकरराव दचकले. न्हाणीघरात ते नळ पूर्ण सोडून, बादली वाहू देऊन, अगदी हळू आवाजात गायचे. कुणाला कळत नसेल असा त्यांचा समज होता.

"मंजूर," ते म्हणाले. न्हाणीघराशिवाय त्यांच्याजवळ गाण्यासाठी दुसरी जागाच नव्हती.

शुक्रवारी दुपारी चार वाजता अकरा बायका मागच्या खोलीत बसल्या. गल्ली खरंच शांत होती. कुठल्या तरी गच्चीवर पापड पालथे केल्याचासुद्धा आवाज येत होता. प्रभाकरराव इस्त्रीचा सदरा घालून खाटेवर बसले. मोबाइल कुसुमताईंच्या हातात, बटण दाबायला.

पहिला सूर वाजला.

"पंचम," प्रभाकरराव ताबडतोब म्हणाले.

कुसुमताईंनी बटण दाबलं. मोबाइलमधून घसा बसल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर लाल फुली उमटली.

"मोबाइल तिरपा धरलाय तुम्ही," प्रभाकरराव म्हणाले.

मोबाइल सरळ करण्यात आला. दुसरा सूर. "शुद्ध गंधार." फुली. तिसरा. "मध्यम. नाही, थांबा. रिषभ. नाही, मध्यमच." फुली. पाचव्या सुराला प्रभाकररावांनी चष्मा पुसला. आठव्याला पाणी मागितलं. अकराव्याला त्यांना असं वाटलं, की आपण आपल्याच घराचा जिना उतरतोय आणि एक पायरी कुणीतरी काढून नेलीय. सा मनात धरायचा होता, पण मनात हात घातला तर तिथे काहीच नव्हतं.

वीस सूर संपले. तीन बरोबर.

बायका हसल्या. अकरा बायका एकदम हसल्या म्हणजे काय होतं हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल. प्रभाकरराव उठले, इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला लावला आणि बनियनवर अंगणात जाऊन उभे राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे होते.

"इतकं काय अवघड आहे यात?" मालतीबाई जरा चिडूनच म्हणाल्या. नवऱ्यावर हसणं हा आपला हक्क इतर दहाजणींनी वापरलेला त्यांना आवडला नव्हता. "आणा इकडे. मी दाखवते."

त्यांनी वीस सूर ओळखले. चार बरोबर.

हसणं थांबलं. कुसुमताईंनी मोबाइल ओढून घेतला. दोन बरोबर. शेवटी धुरपदाबाईंनी डोळे मिटून, जिथे बोट पडेल ते बटण दाबलं. पाच बरोबर.

"बिघडलाय मोबाइल," कुसुमताईंनी निकाल दिला, आणि सगळ्या घाईने चपला घालून गेल्या.

शनिवारी सकाळी प्रभाकररावांनी नळ बारीक ठेवून, मुकाट आंघोळ केली. मालतीबाईंनी बाहेरून ती शांतता ऐकली आणि त्यांना पोहे ढवळताना काही सुचेना. चौतीस वर्षं नळाखालून येणारी ती गुणगुण त्यांच्या सकाळचाच एक भाग होती. आपण हे काय करून बसलो, असं त्यांना वाटलं. नवरा अंगणात पेपर घेऊन बसलेला पाहून त्या हळूच मागच्या खोलीत गेल्या, खाटेवर बसल्या आणि त्यांनी मोबाइल उघडला. चार म्हणजे काय? बावीस वर्षं गळ्यात पेटी असलेल्या बाईला वीसपैकी चार?

पहिला सूर. बरोबर. दुसरा, बरोबर. दहाच्या दहा बरोबर आले तेव्हा त्यांनी ओरडून हाक मारली, "अहो! इकडं या! ठीक झाला हा मोबाइल!"

प्रभाकरराव दारात येऊन उभे राहिले. अकरावा बरोबर, बारावा बरोबर. तेरावा वाजणार एवढ्यात गल्लीतली लाइट गेली. पंखा थांबला. मोबाइल बॅटरीवर चालूच होता.

"पंचम," मालतीबाई म्हणाल्या. फुली.

"धैवत." फुली.

"अहो, हा परत बिघडला!"

प्रभाकरराव फळीकडे बघत होते. फळीवरच्या ढाली आणि भांडी स्तब्ध उभी होती. मग ते हळूहळू खाटेजवळ आले आणि त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. पाच मिनिटं दोघंही तशीच थांबली. लाइट आली. भिंतीपलीकडे एक मोटर घुरघुरली, मग दुसरी, मग सोळाही. भांडी किणकिणली.

"आता सांग," प्रभाकरराव म्हणाले.

"मध्यम." बरोबर. "गंधार." बरोबर. मालतीबाईंनी मोबाइल पालथा ठेवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी ठिपका सरकवत होतो ना," प्रभाकरराव म्हणाले, "तेव्हा जिथं बरं वाटलं तिथं थांबलो. तो सूर हा होता. मी वीस सूर ओळखतच नव्हतो, मालती. मी फक्त या आवाजाशी ताडून बघत होतो."

"पण मी मंडळात सुरुवात करते, ती तर..."

"बुऱ्हाणपुरात कुठंही गेलीस तरी दोन गल्ल्यांवर लूम चालू असतात. सगळ्या मोटरी सारख्या, विजेच्या एकाच लायनीवरच्या. नेपानगरला लूम आहेत का?"

मालतीबाईंनी फळीवरच्या ढाली नजरेने मोजल्या. मग म्हणाल्या, "बुऱ्हाणपुरात आपण एकदाच हरलो. गणपतीत."

"वार कुठला होता?"

"शुक्रवार," त्या अगदी हळू म्हणाल्या. "म्हणजे माझ्या गळ्यात पेटी नाही?"

"आहे ना," प्रभाकरराव म्हणाले. "फक्त ती भाईदासची आहे."

हे म्हणताना त्यांना हसू आलं, आणि हसता हसता एक गोष्ट आठवून ते थांबले. मालतीबाईंनाही नेमकी तीच आठवली होती. जैनाबादला, केळीच्या बागेत, लूम नव्हते.

मालतीबाईंनी पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चला भाईदासकडे."

भाईदास धोतराच्या सोग्याने कपाळ पुसत कारखान्याच्या दारात आला आणि दोघांना बघून त्याने हात जोडले. "या बाबूसाहेब. दहावा अर्ज आणला काय?"

"भाईदास, तुझ्या लूमचा आवाज भरून न्यायचाय. मोबाइलमध्ये," प्रभाकरराव म्हणाले.

"सबूत पाहिजे ना? न्या, न्या. नौ अर्ज झाले, आता आवाजपण न्या."

मालतीबाईंनी त्याला सगळं समजावून सांगितलं. पहिल्यांदा त्याला ते खरं वाटेना. खरं वाटल्यावर तो एका स्टुलावर बसला. "ताई, पस्तीस साल झाले मला हा धंदा करताना. लोक नुसत्या शिव्या देऊन गेले. सुरात आहे म्हणून पहिल्यांदाच कुणी बोललं." मग तो कारखानदाराच्या रुबाबात उठला. "पण इथं आत भरू नका. आत नुसती खटखट येईल. सूर पाहिजे तर तुमच्या घरातून घ्या, भिंतीच्या त्या बाजूनं. भिंतीतून गाळून येतो तो. मी वीस मिनिट एकपण लूम बंद पडू देत नाही. फक्त एक काम करा, बाबूसाहेब. दहावा अर्ज लिहा. मी सांगतो तसा."

प्रभाकररावांनी तिथेच, एका खोक्यावर कागद ठेवून, दहावा अर्ज लिहिला. आधीचे नऊ अर्ज रद्द समजावेत. सदर ध्वनी असह्य नसून उपयुक्त असल्याचे अर्जदाराच्या पूर्ण चौकशीअंती निदर्शनास आले आहे. 'उपयुक्त'खाली भाईदासने दोन रेघा मारून घेतल्या.

रविवारी नेपानगरच्या सभागृहात सिंधीपुऱ्याचं मंडळ मंचावर चढलं तेव्हा प्रभाकरराव पहिल्यांदाच चपलांजवळ नव्हते. ते पुढच्या रांगेत, मालतीबाईंच्या शेजारी बसले होते. सदऱ्याच्या वरच्या खिशात मोबाइल, त्याचं तोंड बायकोच्या कानाकडे. "मार्गदर्शक, स्वरसम्राट प्रभाकरराव," निवेदकाने जाहीर केलं. कुसुमताईंनी डोळे फिरवले, पण परीक्षेतले दोन गुण त्यांनाही आठवत असावेत.

प्रभाकररावांनी बटण दाबलं. खिशातून भाईदासचे सोळा लूम गुणगुणायला लागले. मालतीबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

पहिलं भजन झालं. दुसरं झालं. पट्टी जागची हलली नाही. बायकांचे गळे चढेनात, फुलेनात. घरी गातात तशा त्या आरामात गात होत्या. परीक्षकांपैकी चष्मेवाल्या बाईंनी दोनदा मान हलवली. तिसरा अभंग सुरू झाला. दुसरा चरण प्रभाकररावांचा होता. परीक्षेत तीन गुण मिळवूनही तो मालतीबाईंनी त्यांना दिला होता, आणि का दिला ते कुणालाही सांगितलं नव्हतं. ध्रुवपद संपत आलं. प्रभाकररावांनी श्वास घेतला.

आणि खिशात फोन वाजला.

श्रीकांत. रविवार, दुपार. न चुकता.

प्रभाकररावांनी घाईघाईने फोन काढला आणि तोडला. पण लूम परत सुरू होईनात. पडद्यावर पुन्हा मुकुट आला, मग हवामान आलं, मग नातवाचा फोटो आला. चष्मा दुसऱ्या खिशात. ढोलकी वाट बघत एक आवर्तन जास्त फिरली. सभागृहात ती जुनी, नेपानगरची शांतता पसरली आणि प्रभाकररावांना पायाखालची ती हरवलेली पायरी जाणवली. त्यांनी बायकोकडे बघितलं. आता नुसते ओठ हलवायचे, दुसरं काय?

तेवढ्यात धुरपदाबाईंनी डोळे मिटले, तोंड बंद ठेवलं, आणि लूम सुरू केला.

"ऊंऽऽऽ"

भाईदासचाच. तोच सूर, नुकताच ऐकलेला, अजून कानात ताजा. हाताने झांज हलकीशी खटक-खटक, खटक-खटक. बाजूच्या बाईने तो उचलला. मग कुसुमताईंनी, अठरा वर्षांच्या दमाने. शेवटी मालतीबाईंनी. आठ, नऊ, दहा, अकरा बायकांनी ओठ मिटून एक सूर धरला आणि नेपानगरच्या त्या सभागृहाची मागची भिंत जणू सिंधीपुऱ्याची झाली.

प्रभाकररावांनी फोन खाली ठेवला आणि चरण म्हटला. पूर्ण. सुरात. हे आम्ही सांगतोय म्हणून नव्हे, कुसुमताईंनी नंतर स्वतःच्या तोंडाने सांगितलं म्हणून.

मंडळाला दुसरा क्रमांक मिळाला. चष्मेवाल्या बाईंनी भाषणात खास उल्लेख केला. एक गातो आणि बाकीचे मिटल्या ओठांनी आधारसूर धरतात, हा प्रयोग आपण भजनात पहिल्यांदाच ऐकला, असं त्या म्हणाल्या. कुठल्या परंपरेतला आहे हा?

सगळ्या बायकांनी मार्गदर्शकांकडे पाहिलं.

"भाईदासांच्या," स्वरसम्राट गंभीरपणे म्हणाले. बाईंनी ते नाव वहीत लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये ढाल धुरपदाबाईंच्या मांडीवर होती. "मले तं परीक्षेतच सगळ्यायपेक्षा जास्त मार्क होते," त्या दर दोन मैलांवर आठवण करून देत होत्या. प्रभाकरराव खिडकीशी बसून बाहेरच्या केळीच्या बागा बघत होते. जैनाबादचीच केळी, असं त्यांना उगीचच वाटलं.

"अहो," शेजारून मालतीबाई म्हणाल्या. त्या सरळ समोर बघत होत्या. "उद्यापासून न्हाणीघरात नळ बंद ठेवत जा."

प्रभाकररावांचा चेहरा पडला. "बंद? पण मला वाटलं, आज तर..."

"गाणं नाही, नळ बंद ठेवा म्हणते. ऐकू येत नाही नळामुळं. चौतीस वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही."

प्रभाकरराव खिडकीकडे वळले. बराच वेळ त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. मग त्यांनी अगदी हळू, नळाशिवाय, एक ओळ गुणगुणायला घेतली. बसचं इंजिन भलत्याच सुरात चाललं होतं. दोन बायकांनी मागे वळून बघितलं.

मालतीबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"उद्यापासून म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "आणि शुक्रवार सोडून."